काय उतरलं?

उद्या सकाळी रखमाजीला विष पाजायचं ठरलं! गुन्हा? काही नाही. महाराज वज्रसेनांच्या ताटातला पहिला घास चाखायची त्याची नोकरी होती, एवढंच.

महाराजांना विषप्रयोगाची भारी धास्ती. त्यांनी राजवैद्य धुंडिराजशास्त्र्यांना विषावरचा उतारा शोधायला सांगितलं. शास्त्रीबुवांनी परीक्षा तर झकास काढली. तांब्याच्या ताटलीत विष ओतायचं, ताटली काळी पडली की तीत औषध घालून चोळायचं. काळेपणा गेला, म्हणजे विष उतरलं! आणि काय सांगू तुम्हाला, रोज नवं औषध आणि रोज दरबारात आरोळी, "उतरलं! उतरलं!" प्रत्येक आरोळीला शास्त्रीबुवांना एक शाल. फडताळ बुधल्यांनी भरलं. आता फक्त माणसावर बघायचं राहिलं होतं.

ते ऐकताच रखमाजीची बायको येसू तडक दरबारात आली.

"सरकार, आमच्या ह्यांना विष पाजण्याआधी एवढं सांगा. ह्या उताऱ्यांतले खोटे किती?"

"खोटे?" शास्त्रीबुवा उसळले. "अगं बये, सगळ्यांनी विष उतरवलंय! मी डोळ्यांनी बघितलंय!"

महाराज पडले हट्टी. म्हणाले, "मग निवडून दाखव खोटे! पण विषाचा थेंब मिळणार नाही आणि औषध कुणाला पाजायचं नाही. जमलं तर नवरा सुटला. नाही जमलं, तर उद्या त्याच्या शेजारी तुझाही पाट!"

येसू हटली नाही. "चालेल! मला तुमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब द्या."

दरबार फिदीफिदी हसला. गड्यांनी बंब आणला. कित्येक दिवस न घासलेला, पार काळवंडलेला! येसूनं पदर खोचला, एकेक औषध चिंधीवर घेतलं आणि लागली घासायला. पहिल्या औषधानं बंबाचा एक पट्टा लख्ख. दुसऱ्यानं शेजारचा लख्ख. तिसऱ्यानं तर असा की महाराजांना त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या.

"शास्त्रीबुवा, ह्या बंबाला विष कुणी पाजलं होतं?"

"छे! बंबाला कोण विष पाजेल?"

"मग आत्ता काय उतरलं?"

महाराजांनी एक बुधला हुंगला. "अरेच्चा, ही तर चिंच!"

"त्यात लिंबू, त्यात आमसूल आणि त्या कोपऱ्यातल्यात आंबट ताक," येसू म्हणाली. "बुवांनी विष नाही उतरवलं सरकार, भांडी घासली!"

शेवटच्या बुधल्यानं मात्र बंबाचा डागही हलला नाही.

"म्हणजे हा खरा!" महाराज ओरडले.

"तसं कुठं म्हटलं मी? ह्याला भांडी घासता येत नाहीत, एवढंच कळलं. विष उतरवतो का, ते अजून बघायचंय."

"कुणावर बघायचं?"

"शास्त्रीबुवांची एवढी खात्री आहे, तर त्यांच्यावरच बघा की!"

"महाराज!" शास्त्रीबुवा दोन पावलं मागं सरकले. "मला... मला अजून थोडा अभ्यास करायचाय!"

महाराज असे हसले की पागोटं खाली पडलं. त्यांनी रखमाजीला तिथल्या तिथं मोकळं केलं, येसूला बागायती जमीन लिहून दिली आणि डोळे पुसत विचारलं, "बरं, आता ह्या बाकीच्या औषधांचं काय करू?"

"ठेवा की सरकार, गुणकारी आहेत," येसू म्हणाली. "फक्त रोगी तांब्याचा बघा!"