उतरतानाचा आलेख

"सही का करत नाही, बाई?"

नीलकंठ खानझोडे जवळजवळ ओरडलाच. शोधनिबंध आज संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर जर्मनीतली जागा हातची जाणार होती. आणि त्याच्या मार्गदर्शक घारपुरे बाई खुशाल चष्मा पुसत बसलेल्या!

संताप होईल नाही तर काय? चार वर्षं त्याने नखाएवढा स्फटिक तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. गार केला की त्यातून वीज विनाअडथळा वाहायची. जबर चुंबकाने ते वाहणं मोडलं की अडथळा दिसायचा, आणि त्या अडथळ्याच्या आलेखात लाटा. आत इलेक्ट्रॉन कसे फिरतात, ते त्या लाटाच सांगतात. त्या त्याला सापडल्या होत्या. अजून काय हवं होतं या बाईंना?

"हा चुंबकाचा जोर चढतानाचा आलेख," बाई म्हणाल्या. "उतरतानाचा कुठंय?"

प्रयोगशाळेचा तो नेमच होता. चुंबकाचा जोर पापणी लवायच्या आत चढतो नि उतरतो. मोजायचं दोन्ही वेळा. लाटा खऱ्या असतील, तर दोन्हीकडे एकाच जागी येतात.

"तो बिघडलाय."

"दाखव."

त्याने कागद टेबलावर आपटला. लाटा होत्या, पण भलत्याच ठिकाणी.

"उतरताना तार हलते, बाई! वीज मोजायला स्फटिकाला चिकटवलेली ती केसाएवढी तार. चुंबकाच्या धक्क्याने थरथरते, नि खोट्या लाटा उठतात. त्यात माझा काय दोष?"

"आणि चढताना?"

"चढताना काय?"

"तेव्हा गप्प बसते?"

नीलकंठ उसळला.

"बाकीचे काय धुतल्या तांदळासारखे आहेत? सगळे चांगला तेवढाच आलेख छापतात! माझं भलं बघवत नाही तुम्हाला, खरं सांगा!"

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. बघायचं नव्हतं, तरी त्याने बघितलं. एकही लाट दुसरीवर बसत नव्हती.

"म्हणजे चार वर्षं मातीत गेली?" त्याचा आवाज चिरकला. "मग लिहू तरी काय? सांगा ना, काय लिहू मी?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"तार हलते, असं लिही. सही करते."