सासूबाईंचं निळं चित्र

एक होती सगुणा, आणि एक तिची धाकटी जाऊ केतकी. जेवायच्या एका चुलीवर, शिकायच्या एका गुरूकडे. गुरू म्हणजे दर्ग्यामागचे दस्तगीरबाबा. कागदाला औषध फासायचं, वर निगेटिव्ह ठेवायची, काचेच्या चौकटीत दाबून उन्हात धरायचं आणि मग पाण्यात धुवायचं, की निळं चित्र उभं राहतं. ही बाबांची विद्या.

"बाबा, कॉम्प्युटरवर पुसून काढलेला चेहरा खरा म्हणायचा का?" सगुणानं विचारलं.

बाबा कागदाला औषध फासत राहिले.

सगुणाच्या पोटात दुखत होतं. बाबांचे ब्रश धुता धुता तिचे केस पिकले, आणि ही कालची आलेली. सासूबाईंच्या फोटोची जुनी काचेची निगेटिव्ह गालावर तडकली होती. केतकीनं तो तडा कॉम्प्युटरवर बुजवला, प्लॅस्टिकवर नवी गच्च काळी निगेटिव्ह छापून आणली. बाबा ती उजेडाला धरून बघतच राहिले. सगुणाच्या कामाकडे कधी असं पाहिलं होतं त्यांनी?

"दोघी सासूचंच चित्र काढा," बाबा म्हणाले. "जिचं उतरेल, तिला माझ्या उस्तादांची चौकट."

ती सागवानी चौकट सगुणाला स्वप्नात दिसायची.

गच्चीवर दोघींचे कागद शेजारी शेजारी उन्हात लागले. सगुणानं तडकलेली काचच घेतली होती. बाबांकडे घड्याळ चालत नसे. चौकटीची मागची अर्धी फळी उचलायची, कागद बघायचा. राखी झाला की सावलीत घ्यायचा, नाहीतर चित्र जळतं.

"अक्का, मी पाणी आणते. माझ्याकडंही बघाल ना?" केतकी म्हणाली.

"जा की. मी काय खाते तुझं चित्र?"

खाली नळाला धार बारीक. सगुणानं केतकीची फळी उचलली. कागद राखी झाला होता. तिनं फळी हळूच खाली ठेवली.

थोड्या वेळानं पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. आता जळलं असेल… आता जळलं असेल… कठड्याची सावली सरकत आली, तशी तिनं केतकीची चौकट उन्हात ओढलीसुद्धा.

केतकी पाणी घेऊन आली. तिचा कागद पाण्यात गेला, आणि सासूबाई वर आल्या. नथीसकट, डोळ्याच्या कोपऱ्यात दडवलेल्या हसण्यासकट. त्या गच्च निगेटिव्हला तेवढं जास्तीचं ऊन हवंच होतं.

मग सगुणाचा कागद धुतला. नुसता निळा काळोख. त्याची फळी तिनं एकदाही उचलली नव्हती.

"अक्का, तुम्ही बसलात म्हणून हे झालं," केतकी तिचा हात धरून म्हणाली. "मी असते तर घाईनं काढलं असतं."

तो हात सगुणाला सोसवेना. ती बाबांपुढे जाऊन बसली.

"जाळायला बसले होते मी."

"ठाऊक आहे. तुझा जळका कागदच सांगतो."

"मग चौकट तिला द्या. मला मोकळं करा."

बाबांनी खांद्यावरच्या फडक्यानं उस्तादांची चौकट पुसली आणि सगुणाच्या मांडीवर ठेवली.

"उद्या हिच्यात तुझा कागद लाव," ते म्हणाले. "ऊन केतकी बघेल. पाण्याला तू जा."