शालवनातले दुपारचे स्वप्न

पूर्वी सुवेणी नगरीत अंगिरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मिठाच्या व्यापाऱ्यांचे नायक म्हणून जन्मले होते. एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस ते मिठाच्या शंभर गाड्या घेऊन निघाले. पाऊस तोंडावर आला होता. अरण्यातल्या लोकांच्या शालवनातून वाट मिळाली तर मीठ वाचणार होते; वळसा घालावा लागला तर भिजणार होते.

त्या वनाची एक रीत होती. ज्याला वनाकडे काही मागायचे असेल, त्याने दुपारी शालवृक्षाखाली निजावे आणि पडलेले स्वप्न गावासमोर सांगावे. मग गाव काय ते ठरवी. बोधिसत्त्व आणि त्यांचा भागीदार भद्रिक झाडाखाली आडवे झाले. शालाची पंखांची फळे गिरक्या घेत हळूहळू खाली येत होती. ती पाहता पाहता बोधिसत्त्वांचा डोळा लागला. भद्रिक मात्र काळजीने टक्क जागाच होता.

तरी उठून गावासमोर तोच आधी म्हणाला, “स्वप्नात तुमच्या वृक्षांनी वाकून आम्हाला वाट दिली!”

गावातली सर्वांत वडील बाई डुमरी हसली. “वाकले व्हय? या वयात त्यांना जमायचं नाही, बाबा.”

भद्रिक बोधिसत्त्वांच्या कानाशी लागला, “काहीतरी गोड सांगा हो. मीठ जाईल.”

बोधिसत्त्व म्हणाले, “आई, स्वप्नात मी शालवृक्ष झालो होतो. माझ्याच गाड्या माझ्या मुळांवरून चालल्या होत्या. फार दुखलं.”

डुमरीने शालाच्या मुळांवर हात ठेवला. “मग वाट नाही देता यायची, लेकरा.”

बोधिसत्त्वांनी हात जोडले आणि गाड्या वळवल्या. पावसाने वाटेत गाठलेच. अर्धे मीठ चिखलात वाहून गेले. भद्रिकाने तोंड सोडले, आणि बोधिसत्त्वांनाही वाईट वाटले, फार वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा वनाच्या शिवेवर येऊन उभे राहिले.

डुमरी म्हणाली, “नाही म्हटल्यावर झाडं तोडणारे पाहिले, तोंड फिरवणारेही पाहिले. पुन्हा विचारायला आलेला तूच पहिला.” तिने त्यांचा हात धरला. “गाड्या नकोत. आमच्या कावडी नेतील तुझं मीठ, आमच्या पायवाटेनं. आमचा वाटा आम्हाला दे. अन् दरसाल येऊन विचारायचं.”

बोधिसत्त्व जन्मभर दरसाल तिथे जाऊन निजले.

ही कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रिक म्हणजे आज न पडलेली स्वप्ने सांगून दान मिळवणारा हा तुमचा सोबती. डुमरी म्हणजे दाराशी बसलेली ही वृद्ध भिक्खुणी. आणि मिठाचा व्यापारी मीच होतो. स्वतःला महाग पडले तरी बोलावे, ते सत्य. त्या जन्मी मी तेवढेच कमावले.”