बांधलेले पाय

फार फार मागची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक बाई होती. पळायची अशी, की लोक तिला हरणीच म्हणत. जत्रेत एकटीनं पळायच्या शर्यतीत तिच्या पुढे कुणी गेलं नाही. मग एकदा उतारावर पडली आणि गुडघा कायमचा गेला.

रडली, पडून राहिली आणि एक दिवस उठून तिनं वेगळंच काम धरलं. ज्याचं मन खचलंय त्याच्यापाशी जायचं आणि त्याला पुन्हा उभं करायचं. लोक हसले, "लंगडी दुसऱ्याला काय चालवणार!" हरणीनं हसणाऱ्यांना चांगलं फटकारलं आणि काम चालू ठेवलं.

एकदा कुंभाराची म्हातारी तिच्या दारात आली.

"हरणे, चल बाई. सून बाळंत झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. पोर रडतं, ही नुसती बघते. सगळी ढोंगं! बाजाराच्या दिवसापर्यंत उठली नाही तर माहेरी धाडते. पोर माझ्याकडे राहील."

बाळंतीण काय लोखंडाची असते? पण त्या घरात हे बोलणार कोण?

हरणी गेली. "ऊठ पोरी. मी मोडक्या गुडघ्यानं उठले, तुला काय धाड भरलीय? चल, अंगणात फेरी मार."

सून कशीबशी उठली. ती अंगणाच्या मध्यावर येईतो हरणी लंगडत पार कुंपणाशी पोचली होती आणि तिथून हाका मारत होती, "ये, ये, आणखी थोडं!" सून मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मानसुद्धा वळवली नाही.

हरणी ओट्यावर बसली, स्वतःवरच चिडलेली. गुडघा मोडला तेव्हा लोक असेच लांबून ओरडायचे, "ऊठ, हरणे!" तेव्हा केवढा राग यायचा! आणि आता तीच ओरडत होती. पुढे राहायची खोड काही गेली नव्हती. जत्रेत एकच शर्यत तिला कधी जिंकता आली नव्हती, तीन पायांची, दोघींनी एकेक पाय एकत्र बांधून पळायची. जोडीदारणीला फरफटत न्यायची आणि दोघी आपटायच्या.

तिनं पदराची किनार टरकन फाडली.

"पोरी, पाय दे तुझा."

"कशाला?"

"माझ्या लंगड्या पायाला बांधते. म्हणजे मला पुढे पळता यायचं नाही."

"अगं बाई, ही काय थेरं!" सासू ओरडली.

"म्हातारे, तू गप."

दोघी उभ्या राहिल्या. हरणीनं सवयीनं ओढलंच. दोघी धाडकन पडल्या.

"हळू की जरा, मावशी!" सून कळवळली. "माझ्यापुढे का पळता?"

"चुकलं. आता तू म्हणशील तेव्हाच पाय उचलीन."

त्या दिवशी दोघी उंबऱ्यापर्यंतच गेल्या. तिथं बसून सून हळूच म्हणाली, "बाळ रडलं की वाटतं, मी याची आईच नाही. हे कुणाला सांगू?"

हरणीनं उपदेश केला नाही. पाय सोडला नाही.

ती रोज येत राहिली. एखाद्या दिवशी उठणं व्हायचंच नाही, मग दोघी तशाच बांधलेल्या पायांनी पडून राहायच्या. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा त्या जेमतेम कुंभाराच्या चाकापर्यंत पोचत होत्या. सासू एका हातात गाठोडं आणि काखेत रडणारं पोर घेऊन आली.

"झाले तुझे दिवस. निघ."

"धाड तिला," हरणी म्हणाली. "पण मग मलाही धाड. पाय बांधलेत, दिसत नाही?"

म्हातारी घुटमळली. पोर टाहो फोडत होतं. सुनेनं हात पुढे केले.

"द्या इकडे. पण मला कुणीतरी धरून राहा."

सासूनं गाठोडं खाली ठेवलं. पोर सुनेच्या मांडीवर दिलं. मग मोठ्या कष्टानं शेजारी बसली आणि आपला सुजरा पाय पुढे करून म्हणाली, "हरणे, किनार उरलीय का गं थोडी?"

पुढच्या जत्रेत त्या तिघी पाय बांधून धावल्या. सगळ्यांच्या मागून पोचल्या. पण पोचल्या, आणि सुनेच्या कडेवर बाळ होतं.

म्हणून सांगते, खचलेल्या माणसाला पुढून हाका मारू नका, त्याच्या पावलाला आपलं पाऊल बांधा.