संशयी दांडा
यंत्रं बोलत होती त्या काळात, एका जंगलात चाकांवरची आरागिरणी होती. ओंडका उचलणारा तिचा हात तेलाच्या दाबावर चाले, पण रोज मध्येच अडके. त्याला हुकूम सोडणारा दांडा धुमसायचा.

"हा पंपच कामचुकार!"

लाडू मिस्त्रीने पंप बदलला. हात पुन्हा अडकला.

"मग ही नळीच आतल्या गाठीची!"

नळीही गेली. नवा पंप खोकू लागला, तेव्हा दांडा तेलावर खेकसला, "सगळ्यांच्या घरात तूच शिरतंस. खरं सांग!"

"माझ्यात भुसा पडतो, दादा. टाकीला झाकणच नाही."

"कुणी चोरलं?"

सगळे दांड्याच्या गळ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदा तेल भरताना मिस्त्रीने तिथे अडकवलेलं झाकण तो आजवर पदकासारखं मिरवत होता.