रुईनगरचा कौल

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे स्वतः दरबाराबाहेर येऊन लोकांचे ऐकत, आणि एखाद्या नगराला काही सांगायचे असेल तर ते चालत जाऊन सांगावे लागे.

अशा त्या काळी एका राज्यात अकरा नगरे होती. त्यांतले एक रुईनगर. तिथे कापूस पिकत नसे, पण आजूबाजूच्या खेड्यांतला सगळा कापूस तिथे येई. तो पिंजायचा, कातायचा, विणायचा, हाच लोकांचा धंदा. घरे गवताने शाकारलेली आणि घराघरांत रुईचे ढीग. त्यामुळे रुईनगरला भीती होती ती एकाच गोष्टीची, आगीची.

म्हणून नगराने सहा रेडे पाळले होते. प्रत्येक रेड्याच्या पाठीवर पखाल असे, म्हणजे पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी. कुठे धूर दिसला की रेडे धावत. या पखालींचा कारभार गोजराबाई पाहत असे. तिचा नवरा हे काम करीत असे. तो गेल्यावर लोकांना प्रश्न पडला, आता कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई रेडे घेऊन नदीवर निघालेली दिसली आणि प्रश्न तिथेच संपला.

या खर्चासाठी घरोघरी थोडी पट्टी बसवलेली होती. किती बसवायची, कशासाठी बसवायची, हे लोक चावडीवर जमून ठरवत. पूर्वापार रीतच होती तशी.

नगराचे मुख्य होते अंबाजीपंत. माणूस मनाने चांगला, पण एकदा त्यांचा तोल गेला. शेजारच्या नगराच्या वेशीवर नक्षीची दगडी कमान झाली, तशी आपल्याकडेही हवी असे त्यांना वाटले. त्यांनी चावडी बोलावली नाही, कुणाला विचारले नाही. पट्टी बसवली आणि कमान उभी केली. कमान सुंदर होती. लोक मात्र तिच्याखालून मान वर न करता जात.

सोमा कोष्टी तर उघड म्हणे, "या कमानीत माझी दोन धोतरं आणि बायकोचं एक लुगडं चिणलंय."

असे दिवस चालले असताना राजधानीत एक नवी गोष्ट घडली. झुंबरशेट नावाचा मोठा व्यापारी होता. राहायचा राजधानीत, पण कापसाची वखार प्रत्येक नगरात. प्रत्येक नगराची पट्टी त्याला भरावी लागे आणि ते त्याला खुपत असे. त्याने राजापुढे अर्ज ठेवला.

"महाराज, नगरं मनाला येईल तशा पट्ट्या बसवतात. एक नियम करा. यापुढे कोणत्याही नगराला नवी पट्टी बसवायची असेल किंवा जुनी वाढवायची असेल, तर आधी बाकीच्या दहाही नगरांची संमती घ्यावी, आणि मग राजधानीचा शिक्का."

राजा म्हातारा आणि विचारी होता. तो म्हणाला, "ज्यांच्या घरातून पट्टी जाते त्यांनाच विचारू. अकरा नगरांत कौल घ्या. एका घराचा एक चिंचोका. नियम हवा असेल त्यांनी तांबड्या मडक्यात टाकावा, नको असेल त्यांनी पांढऱ्या."

दवंडीवाले नगरोनगरी फिरले. त्यांच्यामागून झुंबरशेटची माणसे गूळ-शेंगदाणे वाटत फिरली. ती म्हणत, "पट्टीला लगाम घाला! तांबडं मडकं लक्षात ठेवा!"

रुईनगरात लोक खूश झाले. सोमा कोष्टी म्हणाला, "माझा चिंचोका तांबड्यात. पुन्हा कमान नको."

हे सगळे अंबाजीपंतांच्या कानावर गेले. ते घरात बसून राहिले. तेव्हा गोजराबाई त्यांच्याकडे आली.

"पंत, सहा रेड्यांतले दोन म्हातारे झालेत. तीन पखाली गळतायत. उन्हाळ्याच्या आत नवं घ्यावं लागेल, आणि त्याला पट्टी लागेल. हा नियम आला तर दहा नगरांच्या पाया पडून, मग आठ दिवस चालून राजधानीला जायचं. तोवर आग थांबेल होय?"

पंत म्हणाले, "मला कळतं ते. पण मी काय तोंडानं बोलू? मी बोललो की लोक कमानीकडं बोट दाखवतील."

"दाखवू देत की. खोटी आहे का ती?"

पंतांनी मान हलवून नाही म्हटले. गोजराबाई म्हणाली, "चूक तुमची. तिची शिक्षा नगराला कशाला? चावडी बोलवा."

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. एवढी गर्दी झाली की माणसे पाराच्या खाली, रस्त्यावर उभी राहिली. अंबाजीपंत उठले. 

"मंडळी, मी तुम्हाला न विचारता पट्टी बसवली. कमान माझ्या हौसेची होती, पैसा तुमच्या घामाचा होता. मी चुकलो."

पंतांच्या तोंडून हे कधी ऐकायला मिळेल असे कुणाला वाटलेच नव्हते.

मग सोमा कोष्टी पुढे आला. "पंत, तुम्ही चुकलात हे तुम्हीच म्हणता. मग लगाम नको का?"

"हवा," पंत म्हणाले. "पण तो कुणाच्या हातात? सोम्या, तू आज माझ्यासमोर उभा राहून मला जाब विचारतोयस. उद्या राजधानीनं आपल्या रेड्यांना नाही म्हटलं, तर जाब विचारायला तू आठ दिवस चालत जाणार का? आणि गेलास, तर तिथं तुला ओळखणार कोण?"

गर्दीत कुजबुज झाली. सोमाने डोके खाजवले. तो हट्टी होता, पण आडमुठा नव्हता.

"बोलणं ठीक आहे," तो म्हणाला. "पण नुसत्या बोलण्यावर माझा चिंचोका हलायचा नाही. दोन गोष्टी करा. यापुढं कुठलीही पट्टी चावडीवर ठरेल, आणि एका वर्षापुरतीच. वर्ष सरलं की पुन्हा विचारायचं. आणि ती कमान पाडा. त्या दगडांचा आगीच्या पाण्याला हौद बांधा."

सगळ्यांच्या नजरा पंतांकडे वळल्या. कमान म्हणजे त्यांचा जीव होता. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग उपरणे कमरेला बांधले, एकाच्या हातातली पहार घेतली आणि ते वेशीकडे चालू लागले. सगळे नगर त्यांच्यामागे निघाले.

पहिला दगड अंबाजीपंतांनी स्वतः काढला. दुसरा काढायला सोमाने हात लावला.

संध्याकाळपर्यंत कमान उतरली आणि त्याच जागी उभ्या उभ्या चावडी भरली. रुईनगरने एकमुखाने ठरवले, हा नियम आम्हाला मान्य नाही.

पण कौल एकट्या रुईनगरचा नव्हता. "बाकीच्यांना कोण सांगणार?" असे कुणीतरी विचारले. गोजराबाई म्हणाली, "मी जाते." सोमा म्हणाला, "गोजराक्का, मीही येतो. तांबड्यातला चिंचोका पांढऱ्यात कसा येतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

दोघे एका रेड्याला घेऊन निघाले. नगरामागून नगर त्यांनी पायाखाली घातले. सगळीकडे स्वागत झाले असे नाही. एका नगरात लोकांनी तोंडावर दार लावले. दुसऱ्या एका ठिकाणी झुंबरशेटच्या माणसांनी ओरड केली, "यांना तुमची पट्टी वाढवायचीय!"

सोमा शांतपणे म्हणाला, "तुमची पट्टी वाढवा की कमी करा, आम्ही कोण सांगणार? हाच तर आमचा मुद्दा आहे. नियम आला तर मात्र आम्हाला विचारावं लागेल तुम्हाला!"

लोक हसले आणि ऐकायला बसले.

घाटमाथ्यावरच्या नगरात एक दोरांचा पूल होता. तो ओलांडल्याशिवाय तिथल्या बायकांना पाणी मिळत नसे. गोजराबाईने एका म्हातारीला विचारले, "आजी, याचे दोर बदलायचे कधी हे कोण ठरवतं?"

"आम्हीच. पाय घसरला की कळतंच."

"नियम आला तर त्या दोरांची पट्टी आम्ही ठरवायची, रुईनगरनं. आम्ही तर हा पूल आज पहिल्यांदा पाहिला."

म्हातारीने पदर खोचला. "पोरी, तू पुढच्या नगराला जा. इथलं मी बघते."

कौलाचा दिवस आला आणि गेला. अकरा नगरांची मडकी तोंडे बांधून राजधानीत आली. चौकात मोठा तराजू टांगला होता. तांबड्या मडक्यांतले चिंचोके एका पारड्यात, पांढऱ्यांतले दुसऱ्यात. राजा समोर बसला. झुंबरशेट पहिल्या रांगेत होता.

पहिल्या चार नगरांची मडकी रिकामी झाली. तांबडे पारडे खाली गेले. झुंबरशेटने मिशीवर हात फिरवला. पाचवे, सहावे, सातवे झाले, तरी ते वर येईना. गोजराबाईने सोमाचा दंड घट्ट धरला. मग घाटमाथ्याचे मडके आले. पांढऱ्यातून चिंचोक्यांची धारच लागली. तांबड्यातून फक्त सात पडले. तराजू हलला. नववे, दहावे आले. दोन्ही पारडी समोरासमोर थांबली.

शेवटी रुईनगर. तांबडे मडके उपडे केले, त्यातून एकही चिंचोका पडला नाही. पांढरे मडके दोघांना उचलावे लागले.

पारडे जमिनीला टेकले तेव्हा जो जल्लोष झाला, तो म्हणे तीन कोसांवर गुरे राखणाऱ्यांनी ऐकला. सोमा कोष्टी, जो कधी लग्नाच्या वरातीत नाचला नव्हता, तो रेड्याच्या गळ्यात पडून नाचला.

झुंबरशेट उठून म्हणाला, "महाराज, आता ही नगरं आम्हाला लुटतील!"

राजा म्हणाला, "शेट, तुमच्या वखारी जिथं आहेत तिथल्या चावडीवर जाऊन बसत चला. तिथं तुमचाही आवाज ऐकतील. घोंगडं ज्याच्या खांद्यावर, त्यालाच त्याचं ओझं कळतं."

रुईनगरने दोघांची मिरवणूक काढली. आठ दिवसांनी चावडी भरली. अंबाजीपंतांनी चार रेड्यांसाठी पट्टी मागितली. सोमा म्हणाला, "दोन पुरेत." बराच वाद झाला आणि तीन ठरले. कोणी चिडले नाही. हौदही बांधून झाला, पखाली नव्या आल्या.

त्याच उन्हाळ्यात भर दुपारी झुंबरशेटच्या वखारीतून धूर निघाला. वखारीला लागून कोष्ट्यांची आळी होती, घराला घर चिकटलेले. वारा तिकडेच वाहत होता. हाक जाताच गोजराबाईचे सात रेडे धावत आले. माणसे हौदापासून वखारीपर्यंत रांग करून उभी राहिली. पखालींमागून घागरी, घागरींमागून घागरी. रांगेत अंबाजीपंत होते, सोमा होता, सोमाची बायको होती. दिवस कलायच्या आत आग विझली. वखारीचा एक कोपरा जळाला. आळीतले एकही छप्पर पेटले नाही, एकही माणूस दगावला नाही.

झुंबरशेट तेव्हा शेजारच्या नगरातल्या वखारीवर आलेला होता; बातमी कळताच तो घोड्यावरून आला. काजळीने काळ्या झालेल्या गोजराबाईपुढे त्याने थैली धरली. "बाई, माझा सगळा कापूस वाचवलात. काय देऊ सांगा."

गोजराबाई हातपाय धूत होती. तिने थैलीकडे पाहिलेही नाही.

"काही नको, शेट. तुमची पट्टी भरलेली आहे."

झुंबरशेटची मान खाली गेली. पण तो परत फिरला नाही. तो चावडीवर गेला, शेवटच्या पायरीवर बसला, आणि त्याच रात्री भरलेल्या चावडीत पुढच्या वर्षीची पट्टी ठरेपर्यंत उठला नाही. ती त्याने सगळ्यांच्या आधी भरली.

तात्पर्य: आपल्या गावाची गरज आपल्यालाच कळते; म्हणून चुकलेला हात सुधारावा, पण गावाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊ नये.