दाजीबा मास्तरांचा डोंगर

आपल्या पणज्या परकर घालून हुंदडत होत्या ना, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखोलीच्या शाळेत दाजीबा नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. माणूस लोण्यासारखा, पण एका बाबतीत भारी हट्टी. दरसाल दिवाळी सरली की पोरांना गेरू, काजळ, पाल्याचा रस देऊन एकच चित्र काढायला लावत. समोरचा तिवईचा डोंगर, आणि त्यातला उंबराखालचा झरा.

"कुठं बसून काढलंस ते मागं लिही," म्हणायचे. "न पाहिलेलं एक पान जरी काढलंस, तर कान उपटीन!"

मास्तरांच्या स्वतःच्या चित्रातल्या उंबरावर पोपट चोच मारायचे, असं म्हणतात.

गावात हौसाक्का होती, जिभेला हाड नसलेली. ती घागर घेऊन जाता जाता विचारायची, "मास्तर, डोंगर काय पळून जातोय व्हय?" सगळे खो खो हसायचे. मास्तरही हसायचे, पण मनाला लागायचंच.

वीस वर्षं गेली. मास्तरांची नजर पार गेली. आणि एका श्रावणात दरड कोसळली. उंबर गेला, झरा गाडला गेला. गावाला तेवढंच तर पाणी! जो तो शपथेवर सांगायचा, झरा इथंच होता. दहा ठिकाणी खणलं, हाती धोंडेच आले. शेवटी पंचांनी ठरवलं, अक्षय्यतृतीयेला गाव उठवायचं.

मास्तर ढसाढसा रडले. "हा डोंगर मला मिटल्या डोळ्यांनी दिसतो रे. दुसऱ्या गावचा कसा दिसायचा?"

मग डोळे पुसून त्यांनी पेटी उघडायला लावली. वीस वर्षांची चित्रं! जुने विद्यार्थी, आता मिशावाले बाप्ये नि लेकुरवाळ्या बाया, सगळ्यांना बोलावलं. "मागचं वाचा आणि त्याच जागी जाऊन बसा. वरचा कडा शाबूत आहे, चित्रातला कडा त्याच्याशी जुळवा. आक्का, तू घागर डोक्यावर घेऊन दरडीवर चढ. चित्रात झरा जिथं, तिथं घागर दिसेपर्यंत ओरडा रे."

कुणी चिंचेखाली बसलं, कुणी देवळाच्या पायरीवर. "डावीकडं!" "वर!" "आणखी वर, आक्का!" नुसता कल्ला. आणि एकाएकी सगळं शांत झालं.

"गप्प का झालात?" मास्तर घाबरले.

"मास्तर, आक्का सगळ्यांच्याच झऱ्यावर उभी आहे."

तिथं पुरुषभर खणलं आणि पाणी उसळलं. आधी तांबडं, मग काळं, मग हिरवं. वीस वर्षं पोरांनी तिथं कुंचले धुतले होते ना, असं म्हणतात. निवळल्यावर आक्कानं पहिली घागर मास्तरांपुढं ठेवली आणि त्यांचे पाय धरले. "मास्तर, डोंगर पळाला होता. तुम्ही धरून ठेवलात."

अजूनही दिवाळी सरली की आंबेखोलीतलं झाडून सगळं गाव डोंगरासमोर बसतं, नव्या सुनासुद्धा. एक म्हातारी घागर घेऊन झऱ्यावर उभी राहिली की मगच कुंचला उचलायचा. चित्र वेडंवाकडं आलं तर कुणी हसत नाही. मागं जागा मात्र खरी लिहावी लागते.